मुंग्यांनी वाढवलेलं फुलपाखरू

जुलै सरत आलेला असतो. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर पसरलेल्या पिरनीज पर्वतातल्या एखाद्या कुरणात ऊन कलायला लागतं आणि जेन्शियनच्या निळ्या फुलाला भोक पाडून एक अळी बाहेर येते. लांबी जेमतेम तीन-चार मिलिमीटर. फुलाच्या आत तिला अन्न होतं, आडोसा होता. ते सगळं सोडून ती खाली जमिनीवर पडते आणि तिथेच थांबते. पानं शोधत नाही, दगडाखाली शिरत नाही, पळतही नाही. यापुढे ती कुठल्याही झाडाचं काहीच खाणार नसते. तिच्यापुढे दोनच शक्यता असतात: एक तर ठरावीक प्रकारची एखादी मुंगी तिथून जाईल, नाही तर तिचा खेळ तिथेच संपेल.

नशीब चांगलं असेल तर मुंगी येते. मिशांनी अळीला चाचपते, जबड्यात उचलते आणि थेट वारुळात नेऊन आपल्या पिल्लांच्या खोलीत ठेवते. मुंगीच्या दृष्टीनं हरवलेलं मूल घरी परत आलेलं असतं. अळी त्या अंधारात पुढचे अकरा महिने काढते. काही अळ्या तर तेवीस!

अंडं, अळी, कोष, फुलपाखरू हे वर्तुळ आपण सगळ्यांनी शाळेच्या वहीत काढलेलं आहे. त्यात मुंगीला कुठेच जागा नसते. या जातीत मात्र मुंगी वगळली तर वर्तुळ पुरंच होत नाही. दिवसांचा हिशोब केला तर हा प्राणी मुळात वारुळात राहणारा एक किडा आहे आणि आयुष्याच्या शेवटी काही दिवस तो पंख लावून उन्हात फिरून येतो, असं म्हणणं जास्त खरं ठरेल.

इंग्रजीत याला माउंटन अल्कन ब्लू म्हणतात. शास्त्रीय नाव फेंगारिस रेबेली. जुन्या पुस्तकांत हेच मॅक्युलिनिया रेबेली म्हणून सापडेल. १९०४ साली हिर्श्के यांनी त्याचं वर्णन केलं आणि हान्स रेबेल या ऑस्ट्रियन फुलपाखरू-अभ्यासकाचं नाव त्याला दिलं. ही खरंच वेगळी जात आहे की सखल, ओलसर भागात राहणाऱ्या अल्कन ब्लूचंच कोरड्या डोंगरउतारांवरचं रूप आहे, यावर तज्ज्ञ अजून भांडतात. जनुकीय अभ्यासांचा कल दुसऱ्या मताकडे आहे. फुलपाखराला अर्थातच त्याचं काही नाही. नर वरून गडद निळा, मादी बरीचशी तपकिरी, मिटलेल्या पंखांच्या खालच्या बाजूला करड्या रंगावर पांढऱ्या कडांचे काळे ठिपके. देखणं आहे, पण आपल्या जंगलातली मोठाली फुलपाखरं पाहिलेला माणूस यासाठी मान वळवेलच असं नाही. याची सगळी कमाल लपलेल्या भागात आहे.

सुरुवात उघड्यावर होते. मादी क्रॉस जेन्शियन या झुडपावर अंडी घालते. कोवळ्या कळ्यांवर, कळ्यांलगतच्या पानांवर. हे झुडूप काडेचिराईताच्याच कुळातलं आणि तसंच कडू. अंडी पांढरीशुभ्र, हिरव्या पानावर लांबूनही दिसतील अशी, आणि ती लपवायचा जराही प्रयत्न नसतो. ती जवळून पाहण्यासारखी असतात. कवच वरच्या बाजूला जाड असतं, तळाशी पातळ. बहुतेक फुलपाखरांची अळी अंड्याचं वरचं टोक कुरतडून बाहेर येते. इथे ती तळ फोडते आणि तिथूनच सरळ झाडाच्या आत शिरते. बाहेरचं जग ती बघतच नाही. त्यामुळे आतलं बिऱ्हाड केव्हाच हललेलं असलं तरी पांढरं कवच वर जसंच्या तसं चिकटून राहतं. संशोधकांना याचा फार उपयोग होतो. भिंग घेऊन झुडपावरची कवचं मोजली की त्या उतारावर किती अंडी घातली गेली त्याचा हिशोब लागतो.

फुलाच्या आत अळी कोवळं बी खाते. दोन-तीन आठवड्यांत तीनदा कात टाकते. इथवर सगळं चारचौघींसारखं. पण चौथ्या अवस्थेत आल्यावर, म्हणजे भराभर खाऊन फुगायच्या नेमक्या वेळी, ती खाणं सोडून खाली उडी मारते. कोषात जाताना तिचं जे वजन असतं, त्यातलं ९८ टक्क्यांहून जास्त वजन तिनं मुंग्यांच्या घरात कमावलेलं असतं. झाडावरचं बालपण जवळजवळ नावापुरतंच.

उडी मारायची वेळही ठरलेली असते, संध्याकाळची. मिर्मिका नावाच्या तांबूस मुंग्या त्याच सुमाराला अन्नाच्या शोधात सगळ्यात जास्त संख्येनं बाहेर असतात. या मुंग्या वारुळापासून फार लांब जात नाहीत, साधारण दोन मीटरच्या टापूतच फिरतात. म्हणजे आईनं ज्या झुडपावर अंडं घातलं, त्याच्यापासून दोन मीटरच्या आत मिर्मिकाचं वारूळ हवं. तेही कुठल्याही मिर्मिकाचं चालत नाही. उचलून नेणाऱ्या मिर्मिका अनेक जातींच्या असतात, पण अळी नीट तगते ती एखाद-दुसऱ्या जातीच्याच घरात. पिरनीजमध्ये ती जात मिर्मिका शेंकी. युरोपच्या दुसऱ्या भागांत यजमान बदलतो. चुकीच्या घरात गेलेल्या अळ्यांपैकी फारच थोड्या वाचतात.

मुंगी फसते कशी? मुंग्यांच्या जगात चेहऱ्याला किंमत नाही. आपलं कोण आणि परकं कोण हे अंगावरच्या मेणचट थराच्या वासावरून ठरतं. हा थर हायड्रोकार्बन नावाच्या संयुगांचा असतो. प्रत्येक जातीचं मिश्रण निराळं, आणि एकाच जातीच्या दोन वारुळांतही थोडा फरक असतोच. १९९९ साली अकिनो, जेरेमी थॉमस, ग्रॅहम एल्म्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की रेबेलीची अळी मुंगीशी गाठ पडण्याआधीपासूनच यजमान मुंगीच्या पिल्लांच्या वासाशी जुळणारी संयुगं स्वतःच्या अंगात तयार करते. वारुळात पोहोचल्यावर त्या विशिष्ट घराचा वासही तिच्या अंगाला लागतो आणि नक्कल आणखी पक्की होते. पाय असलेली, मऊ, लवदार अळी मुंगीच्या बिनपायांच्या पांढऱ्या पिल्लासारखी मुळीच दिसत नाही. काळोखात ते कोण बघणार!

आत गेल्यावर जे चालतं त्याला शास्त्रज्ञ ‘कोकिळेची रीत’ म्हणतात, आणि कावळ्याच्या घरट्यातलं कोकिळेचं पिल्लू ऐकून-पाहून माहीत असलेल्या आपल्याला ते वेगळं समजावून सांगायला नको. याच गणातली काही भावंडं, उदाहरणार्थ लार्ज ब्लू, वारुळात शिरून मुंग्यांची पिल्लं खातात. रेबेली सहसा त्या वाटेला जात नाही. ती तोंड वर करून मागते आणि कामकरी मुंग्या आपल्या पोटातलं पातळ अन्न तिच्या तोंडात घालतात. हिशोबानं पाहिलं तर हा मार्ग जास्त फायद्याचा आहे. पिल्लं खाणाऱ्या अळीला एक अख्खं वारूळ पुरेनासं होतं, तर घास भरवून घेणाऱ्या कितीतरी अळ्या एकाच वारुळात वाढू शकतात. अर्थात त्याची किंमत यजमानच मोजतात. मुंग्यांची स्वतःची पिल्लं अर्धपोटी राहतात, आणि टंचाई आलीच तर कामकरी मुंग्या आपली पिल्लं मारून या अळ्यांना भरवतात. घरजावयाचा असा थाट माणसांतही विरळाच.

इतका मान का? वास सारखा असल्यानं अळी घरातली ठरते, इथपर्यंत ठीक. पण घरातल्यांपेक्षाही तिचे लाड जास्त का, याचं उत्तर बराच काळ मिळत नव्हतं. ते मिळालं आवाजातून.

मिर्मिका मुंगीच्या पोटावर बारीक रेघांची एक पट्टी असते. शेजारच्या भागाची कड तिच्यावर घासली की करकर असा अगदी बारीक आवाज होतो. आपल्या कानाला तो जवळजवळ ऐकूच येत नाही, मुंग्यांना मात्र त्याची थरथर कळते. इटलीतल्या तुरीन विद्यापीठातल्या फ्रांचेस्का बार्बेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, थॉमस आणि शोनरोगे यांच्या साथीनं, वारुळातले असे आवाज ध्वनिमुद्रित केले. २००९ साली ‘सायन्स’मध्ये तो शोधनिबंध आला. राणीचा आवाज कामकरी मुंग्यांच्या आवाजापेक्षा वेगळा असतो, हे त्यातून कळलं. छोट्याशा स्पीकरवर राणीचा आवाज लावला, तर मुंग्या जमून स्पीकरवर मिशा टेकवत आणि पहाऱ्यावर असल्यासारख्या उभ्या राहत. मग फुलपाखराच्या अळीचा आणि कोषाचा आवाज लावला. मुंग्यांनी पुन्हा तोच मानमरातब दिला. अळीकडे मुंगीसारखी रेघांची पट्टी नसते. कोषाच्या अंगावर आवाज काढायची सोय वेगळ्याच जागी असते. तरीही निघणारा आवाज कामकऱ्यांपेक्षा राणीच्या आवाजाशी अधिक जुळतो.

वासानं घरात प्रवेश मिळवायचा आणि आवाजानं सिंहासनाजवळ जाऊन बसायचं. मला स्वतःला या साऱ्या कहाणीत हा भाग सगळ्यात अचंबित करणारा वाटतो. एका कीटकानं दुसऱ्या कीटकाच्या समाजातला हुद्दा ओळखलाय. ‘ओळखलाय’ हा शब्द चुकीचा आहे, हे मला कळतं. अळीला काही कळत नसतं. लाखो वर्षांत ज्यांचा आवाज राणीच्या आवाजाच्या जरा जवळ जाणारा होता त्यांना जरा जास्त घास मिळाले, एवढंच. पण एवढ्यातून हे घडावं, याचा अचंबा त्यामुळे कमी होत नाही.

खऱ्या राण्या मात्र फसत नाहीत. कोष आणि राण्या प्रयोगशाळेत एकत्र ठेवल्यावर राण्यांनी कोषांवर हल्ला चढवला. त्यांना तिथे सवत दिसली असावी. आणि कामकऱ्यांनी काय करावं? त्यांनी राण्यांनाच बाजूला ओढून नेलं आणि तोतयाची बाजू घेतली.

हिवाळ्यात डोंगर बर्फाखाली जातो. मुंग्या आणि अळ्या एकत्रच गारठून पडून राहतात. वसंतात वारूळ जागं झालं की भरवणं पुन्हा सुरू. यातल्या काही अळ्या झपाट्यानं वाढून पहिल्याच उन्हाळ्यात कोषात जातात. उरलेल्या मुद्दाम धिम्या राहून आणखी एक वर्ष काढतात. एकाच मातेची लेकरं, एकाच घरात वाढलेली, पण वेळापत्रकं दोन. डोंगरावरच्या हवेचा काय भरवसा? एखाद्या वर्षी जुलैत पाऊस-गारठा लागला आणि बाहेर पडलेली सगळी फुलपाखरं वाया गेली, तरी वंशाचा काही ऐवज अजून जमिनीखाली सुरक्षित असतो.

तो पूर्ण सुरक्षित असतो असंही नाही. या तोतयाच्याही मागावर एकजण आहे. इक्न्युमॉन युमेरस ही गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली बारीक कमरेची माशी. ती कुरणावरून फिरत वासावरून मिर्मिका शेंकीचं वारूळ हुडकते आणि आत फुलपाखराच्या अळ्या असतील तरच शिरते. काही शे मुंग्यांनी भरलेल्या घरात एकटी शिरायची तिची युक्ती भयंकर आहे. ती अशी रसायनं सोडते की मुंग्यांना एकमेकींचाच वास शत्रूसारखा येऊ लागतो आणि घरात यादवी माजते. त्या गोंधळात ही शांतपणे एकेका अळीत एकेक अंडं टोचते आणि निघून जाते. थॉमस आणि सहकाऱ्यांनी २००२ साली ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध केलं.

त्यानंतर मुंग्या सावरतात आणि अळीची सेवा पूर्ववत चालू ठेवतात. अळी वेळेवर कोष करते. पुढच्या उन्हाळ्यात त्या कोषातून माशी बाहेर पडते. आपल्याकडे भ्रमर-कीटक न्याय सांगतात. भिंगुरटीनं कोंडून ठेवलेली अळी तिचा ध्यास घेता घेता स्वतःच भिंगुरटी होते, असा तो दृष्टान्त. संतांनी त्यातून भक्तीचा अर्थ काढला आणि तो अर्थ सुंदरच आहे. निरीक्षणातही काही खोट नव्हती, अळी कोंडलेल्या जागेतून माशीच बाहेर येते. फक्त मधल्या काळात ध्यानाऐवजी जेवण चाललेलं असतं, आणि ते अळीचं नव्हे.

माशीच्या तावडीतून सुटलेल्या कोषातून फुलपाखरू बाहेर येतं तेव्हा त्याच्यापुढे शेवटचं संकट असतं. आता त्याच्याकडे ना तो वास, ना तो आवाज. ज्या मुंग्यांनी वर्षभर घास भरवला त्यांच्यासाठी ते आता एक मोठं भक्ष्य आहे. म्हणून ते भल्या पहाटे, वारूळ गारठ्यानं सुस्त असताना बाहेर पडतं. पंख अजून चुरगळलेले, ओले. बोगद्यांतून चालत वर यायचं, जवळच्या गवताच्या काडीवर चढायचं आणि पंख वाळेपर्यंत तिथे लटकून राहायचं. मग फार तर काही दिवसांचं उडणं, मीलन, आणि मादीसाठी जेन्शियनच्या कळ्यांचा शोध.

हे सगळं माणसाला कळायला फार उशीर झाला. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात लार्ज ब्लूच्या अळ्या कितीतरी जणांनी पाळून पाहिल्या. थोड्या वाढल्या की त्या थाइम ही आपली खाद्यवनस्पती खाणं सोडून देत आणि मरत. १९१५ साली डॉ. चॅपमन यांना वारुळात अळी सापडली तेव्हा पहिला धागा हाती आला. पुढे कॅप्टन प्योरफॉय यांनी अक्रोडाच्या रिकाम्या कवचात मुंग्या बसवून, फ्रोहॉक यांच्या जोडीनं ही पाळणाघरं जवळून पाहिली. अक्रोडाचं कवच! आजच्या सूक्ष्म मायक्रोफोनइतकंच ते उपकरण मला मोलाचं वाटतं.

पण कळलं म्हणजे वाचवता आलं असं नाही. लार्ज ब्लू इंग्लंडमध्ये कमीच होत गेलं. दोष गोळा करणाऱ्या शौकिनांवर ठेवला गेला, राखीव जागांना कुंपणं घातली गेली. कुंपणानं शौकीन थांबले आणि त्यांच्याबरोबर गुरंही. १९५० च्या दशकात मिक्सोमॅटोसिसच्या साथीत ससेही मेले. गवत वाढलं, त्याच्या सावलीत जमीन थोडी थंड झाली आणि लार्ज ब्लूची यजमान असलेली, ऊबदार जमीन लागणारी मिर्मिका सॅब्युलेटी तिथून हटली. माणसाला कुरण पूर्वीपेक्षा हिरवंगार दिसत होतं. थाइमची फुलं होती, फुलपाखरंही अंडी घालत होती, पण वाढवायला कुणी उरलं नव्हतं. थॉमस यांनी शेवटच्या कुरणावर तळ ठोकून हे कारण शोधलं, तोवर फार उशीर झाला होता. १९७९ मध्ये ते फुलपाखरू ब्रिटनमधून संपलं. पुढे चराई पुन्हा सुरू करून, मुंगी परतल्याची खात्री करून, १९८३ पासून स्वीडनमधल्या ओलांद बेटावरच्या वाणातून त्याला परत आणलं गेलं. आज ते तिथे नांदतंय.

रेबेलीच्या डोंगरातही चित्र तेच. चराई अती झाली तर जेन्शियनच्या कळ्याच खाल्ल्या जातात. डोंगरातली माणसं गावं सोडून गेली, मेंढरं येईनाशी झाली, तर झुडपं माजतात आणि मुंग्या हटतात. दोन्हींच्या मधली चिंचोळी पट्टी या फुलपाखराची. कासच्या पठाराला कुंपण असावं की तिथे गुरं चरू द्यावीत, हा वाद आपल्याकडेही झालाच. निसर्ग वाचवायचा म्हणजे माणसाला आणि गुरांना हाकलायचं, हे समीकरण निदान गवताळ डोंगरांच्या बाबतीत तरी भाबडं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुंगी-फुलपाखराचं नातं पाहायला पिरनीजला जायची गरज नाही. निळ्या फुलपाखरांच्या या कुळातल्या अनेक अळ्यांचं मुंग्यांशी सूत जुळलेलं असतं, आणि आपल्याकडे हे कूळ भरपूर आहे. आंब्या-काजूवर पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्यांच्या घरात शिरून त्यांची पिल्लं खाणारी, ढालीसारख्या पाठीची अळी भारतातही आढळते. बहुतेक नाती मात्र साधी, देवघेवीची असतात. अळीच्या पाठीवरच्या ग्रंथीतून गोड थेंब पाझरतो, मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात अळीवर पहारा ठेवतात. पावसाळ्यानंतर माळावरच्या खुळखुळ्याची किंवा शेतातल्या तुरीची फुलं आणि कोवळ्या शेंगा जरा वाकून बघा. एखाद्या शेंगेपाशी मुंग्या उगाच घुटमळताना दिसल्या, तर भिंग काढा आणि पाच मिनिटं द्या. मुंग्यांच्या पायांखाली शेंगेचाच हिरवा रंग घेऊन निळ्या फुलपाखराची अळी बसलेली असण्याची शक्यता बरीच आहे.